गुणाकार मीच केला होता

सव्वीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. त्याच सूत्रानं मला १,८५० रुपयांना बुडवलं. लिहायला लाज वाटते, पण मार्चमध्ये आमच्या कऱ्हाडच्या कॉलनीत आलेला तो माणूस तुमच्याकडेही येऊ शकतो, म्हणून लिहितोय.

गळ्यात ओळखपत्र, हातात लाकडी बोर्ड. बोर्डावर एक छोटी मोटर, दोन सॉकेट आणि व्होल्ट-अँपिअर दाखवणारा मीटर. ‘वीज वाचवणारा’ डबा विकत होता. मी शिक्षक आहे हे दारावरच्या पाटीवरून कळलंच असणार. म्हणाला, “सर, मी कशाला सांगू? गुणाकार तुम्हीच करा.” आणि कॅल्क्युलेटर माझ्या हातात दिला.

मोटर चालू केली: २३० व्होल्ट, ०.८० अँपिअर. म्हणजे १८४ वॅट. मग शेजारच्या सॉकेटमध्ये तो डबा खुपसला. हिरवा दिवा लागला आणि आकडा झरकन ०.४९ वर आला. म्हणजे ११३ वॅट. एकाहत्तर वॅटची बचत! वर तो म्हणतो, “सर, रोध वाढला ना.” मी भागाकारही केला: २८७ ओहमवरून ४६९ ओहम. मान डोलावली. तोवर चार-पाच जण जमले होते. सरांनी स्वतः हिशेब केलाय म्हटल्यावर शेजारच्या वहिनींनीही एक घेतला. माझ्या १,८५० पेक्षा ते जास्त टोचतं.

एप्रिलचं बिल १४२ युनिटवरून १४९ वर गेलं. उन्हाळा, पंखे, म्हणून मीच त्याची बाजू घेतली. वॉरंटी कार्डावरच्या नंबरवर फोन केला तर उत्तर मिळालं, “पहिला महिना मीटरला सवय व्हावी लागते.” हे ऐकून हसायला हवं होतं, पण मी थांबलो. मे महिन्यात तो नंबर बंद.

शेवटी माझा एक जुना विद्यार्थी, आयटीआय करून वायरमन झालेला, पंखा दुरुस्त करायला आला. डबा बघून गप्पच बसला. सरांना कसं सांगायचं ही त्याची अडचण. मीच म्हटलं, उघड. आत पंख्याला असतो तसा, जरा मोठा, ५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, एलईडीचा दिवा, आणि वजन यावं म्हणून ओतलेला डांबरासारखा काळा गोळा. बास.

मग आम्ही घरातलं सगळं बंद करून एकटा फ्रिज चालू ठेवला. तारेभोवती अडकवून करंट मोजायच्या त्याच्या क्लॅम्प मीटरवर १.० अँपिअर. डबा लावल्यावर ०.७५. करंट खरंच उतरला होता, त्यात लबाडी नव्हती. पण मग त्यानं मला बाहेरच्या मीटरपुढं उभं केलं. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो, बघा. आमच्यावर ३२०० इम्प्/केडब्ल्यूएच लिहिलंय, म्हणजे ३,२०० लुकलुक झाल्या की एक युनिट. कॉम्प्रेसर चालू असताना दहा मिनिटं मोजल्या: डब्याशिवाय ७४, डब्यासकट ७३. हिशेब केला तर १३९ आणि १३७ वॅट, म्हणजे जवळपास तेवढेच. माझ्या सूत्रानं मात्र २३० आणि १७२ येत होते.

गोम इथं आहे. फ्रिजची मोटर जो करंट ओढते, त्यातला काही भागच कामी येतो. उरलेला तारेतून नुसता ये-जा करत असतो. म्हणून मोटरला व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार पॉवर फॅक्टरनं, म्हणजे कामी येणाऱ्या भागाच्या प्रमाणानं, आणखी गुणावा लागतो. त्या बोर्डावरची मोटर रिकामीच फिरत होती, तिचा पॉवर फॅक्टर ०.४ धरा. १८४ गुणिले ०.४, जेमतेम ७४ वॅट. डबा लावल्यावरही तेवढेच. कंडेन्सरनं कमी केली ती ये-जा, आणि घरगुती मीटर तिचे पैसे लावतच नाही. शेतीपंपाला कपॅसिटर, म्हणजे हाच कंडेन्सर, बसवा असं महावितरण सांगतं, ते लाइन आणि ट्रान्सफॉर्मरवरचा ताण उतरावा म्हणून. डबा विकणाऱ्यानं नेमकं तेच वाक्य आमच्यापुढं टाकलं होतं.

मी त्याला फक्त एवढंच म्हणायला हवं होतं: “हा डबा माझ्या इस्त्रीवर लावून दाखव.” हजार वॅटची इस्त्री, ४.३५ अँपिअर, ५३ ओहम. तिथं माझं सूत्र जसंच्या तसं चालतं, आणि तिथं त्याचा काटा हललाच नसता. बोर्डावर इस्त्री का नव्हती, हे तेव्हा सुचलं नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावला. पावती मागितली. ती कुठली असणार? कार्डावर पत्तासुद्धा नव्हता.

वहिनींचे पैसे मी परत केले. डबा काढून टाका, भिकार कंडेन्सर तापला तर पेट घेईल, असंही सांगितलं. परवा त्यांच्याकडे गेलो तर स्वयंपाकघरात हिरवा दिवा लागलेलाच. म्हणाल्या, “असू दे हो सर, रात्री पाणी प्यायला उठलं की उजेड बरा पडतो.”