ऑफिसची जागा आणि कमर्शियल ब्रोकर : आठ-नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आमची कंपनी छोटी आहे. मशीन डिझाइनचं काम, वीस-बावीस माणसं. इतकी वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत होतो, २०२५च्या उन्हाळ्यात बाणेरला हललो. जागेबद्दल पुढे येईलच, पण हा अनुभव मुख्यतः ब्रोकरचा आहे. घर भाड्याने घेताना ब्रोकर कसा असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. ऑफिससाठीचा ब्रोकर म्हणजे वेगळंच प्रकरण आहे आणि त्यावर मराठीत फारसं कोणी लिहीत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जागा शोधायला ब्रोकर लागत नाही. बाणेर-बालेवाडीत एक चक्कर मारली तरी 'टू लेट'चे बोर्ड पुरून उरतील इतके दिसतात. ब्रोकर लागतो तो टोकन देण्याच्या जरा आधीपासून ते किल्ली हातात येईपर्यंत. त्या मधल्या काळात तो नेमका कोणाचा माणूस आहे, यावर पुढची पाच वर्षं कशी जाणार ते ठरतं.

सुरुवात अर्थातच पोर्टलपासून झाली. नंबर टाकला आणि दुपारपर्यंत फोन थांबेनात. जाहिरातीतली जागा विचारली की 'ती कालच गेली सर, पण तशीच दुसरी आहे' हे ठरलेलं उत्तर. बालेवाडी हाय स्ट्रीटजवळचं एकच ऑफिस आम्हाला तीन एजंटांनी तीन वेगळ्या भावांना सांगितलं. तिसऱ्याला तर आतली पार्टिशन काढून टाकलीत हेही माहीत नव्हतं, तो जुनेच फोटो दाखवत होता. यातले काही जण जागा दाखवण्याआधी व्हिजिट फॉर्मवर सही मागतात. त्यात गैर काही नाही, त्यांच्या ब्रोकरेजचं ते संरक्षण आहे. फक्त 'या भागातली कुठलीही जागा आमच्यामार्फतच घेऊ' अशी ओळ त्यात नाही ना, एवढं वाचून मगच सही करा.

मग मोठ्या आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपन्यांकडे गेलो. जेएलएल, सीबीआरई, कुशमन अँड वेकफिल्ड, नाइट फ्रँक, कोलियर्स या सगळ्यांचं काम पुण्यात आहे. आम्ही ज्यांच्याशी बोललो ती मंडळी अगदी सभ्य होती. खराडी, येरवडा, हिंजवडीच्या टॉवरचं सुंदर प्रेझेंटेशन पाठवलं. आमची गरज बाराशे फूट कार्पेटची (म्हणजे भिंतींच्या आतल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेची) आहे म्हटल्यावर बोलणं हळूच सीटवर भाडं घेणाऱ्या मॅनेज्ड ऑफिसकडे वळलं. त्यांना दोष देत नाही. अख्खे मजले भाड्याने देणारी ही माणसं, आमच्यासारख्यांवर वेळ घालवून त्यांना काय परवडणार? तुम्हाला दहा हजार फुटांच्या पुढे हवं असेल तर त्यांच्याकडे जरूर जा.

शेवटी ज्यांच्यामार्फत काम झालं ते बाणेरमधलंच दोन भागीदारांचं छोटं ऑफिस. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. आम्ही बहुतेक व्यवहार त्यांच्यातल्या थोरल्या गृहस्थांशी केला. पहिल्या भेटीत त्यांनी बजेट विचारलंच नाही. माणसं कुठून येतात ते विचारलं. निम्मी सिंहगड रोड आणि कोथरूडची, काही पिंपरी-चिंचवडची. हिंजवडी त्यांनी तिथेच खोडून टाकलं. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रो तेव्हा सुरू व्हायची होती, आणि प्रत्येक ब्रोशरमध्ये तिचं चित्र होतं. 'मेट्रो उद्या येईल, भाडं आजपासून द्यायचंय,' एवढंच ते म्हणाले.

जागा पसंत पडली ती १,७५० फुटांची. म्हणजे कागदावर. टेप लावून मोजली तर कार्पेट १,२२५ फूट, लोडिंग, म्हणजे जिने-लॉबी वगैरेंचा वाटा म्हणून वर चढवलेलं क्षेत्र, जवळपास ४३ टक्के. ऑफिसच्या इमारतींत हे सर्रास चालतं, त्यामुळे त्यावर भांडून उपयोग नसतो. पण दोन जागांची तुलना करताना भाव कार्पेटवरच काढायचा, ही सवय आम्हाला त्यांनी लावली. ओनरचा आकडा फुटाला ७५ रुपये होता, म्हणजे कार्पेटवर तो १०७ होतो. शेजारच्या इमारतीत ८० सांगत होते, पण तिथलं लोडिंग कमी असल्यामुळे तीच जागा हिशेबात स्वस्त पडत होती.

इथे त्यांनी जे केलं ते आधी कुठल्याही एजंटाने केलं नव्हतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरच्या ई-सर्चमधून त्याच इमारतीतल्या दुसऱ्या एका ऑफिसच्या नोंदलेल्या भाडेकराराची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, काढून आणली. त्यात क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं, त्यामुळे १०.७६४ ने गुणून फुटात आणायचं आणि मग भाडं ताडून बघायचं. कागद ओनरच्या टेबलावर ठेवला, वर एक अक्षर बोलले नाहीत. ७५ चे ६८ झाले. महिन्याला १,१९,००० भाडं.

दुसऱ्या व्हिजिटला त्यांनी ओनरकडे महावितरणचं बिल मागितलं. आम्ही खिडक्या, वॉशरूम, लिफ्ट बघत होतो, हे गृहस्थ बिलावरचा 'मंजूर भार' वाचत उभे. १० किलोवॅट. आमची वर्कस्टेशनं, सर्व्हर आणि एसी धरून अठराच्या आसपास लागणार होतं. भार वाढवायचा अर्ज ओनरच्या सहीने जातो, आणि एकदा करार झाला की त्या सहीसाठी कोणाच्या किती पायऱ्या झिजतात ते विचारू नका. त्यांनी टोकनच्या पत्रातच लिहून घेतलं की वाढीव भार मंजूर झाला की त्या तारखेपासून भाडं सुरू, शिवाय फर्निचरसाठी ४५ दिवस बिनभाड्याचे. वीसच्या आत राहा, त्यापुढे व्यापारी दराचा गट बदलतो, हेही त्यांनीच सांगितलं. एक मोठा प्लॉटर (मोठी ड्रॉइंग छापायचं मशीन) आम्ही त्यामुळे सोडून दिला.

भाडेवाढीचंही तसंच. ओनरला दरवर्षी ५ टक्के हवे होते. ऐकायला किरकोळ वाटतं. यांनी तीन वर्षांनी एकदम १५ टक्के असं बोलणं लावलं. पाच वर्षांची बेरीज मी स्वतः मांडून पाहिली: दरवर्षी ५ टक्क्यांनी ७८ लाख ९० हजार होतात, तीन वर्षांनी १५ टक्क्यांनी ७५ लाख ६८ हजार. फरक ३ लाख २२ हजारांचा. ओनरला 'पंधरा' हा आकडा मोठा वाटला, तो खूश झाला.

लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) आमच्यासाठी एक वर्षाचा आणि ओनरसाठी पूर्ण पाच वर्षांचा, नोटीस तीन महिन्यांची. यात दोन्ही बाजूंना लॉक-इन सारखाच, असा तयार मसुदा बहुतेक एजंट फिरवतात. तो मागे टाका. आपण फर्निचरवर लाखो रुपये घालतो, ओनरने दोन वर्षांत जागा मागितली तर ते सगळं भंगारात.

पहिल्या एजंटांपैकी एकाने करार आणि रजिस्ट्रेशनचा खर्च 'सगळं मिळून पन्नास हजार' असा सांगितला होता. लिव्ह अँड लायसन्सची स्टॅम्प ड्युटी ६० महिन्यांपर्यंतच्या एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या वार्षिक १० टक्के व्याजावर मिळून ०.२५ टक्के असते. आमचं डिपॉझिट सहा महिन्यांचं, ७,१४,०००. सगळा हिशेब वीस हजारांच्या आत बसला, वर शहरी हद्दीतली १,००० रुपये नोंदणी फी. उरलेले तीसेक हजार कशाचे, हे त्या एजंटाला विचारायचं राहूनच गेलं.

तोच एजंट जीएसटीबद्दल म्हणाला होता, 'ओनर रजिस्टर्ड नाही, म्हणजे १८ टक्के वाचले तुमचे.' हे आता खरं नाही. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाकडून व्यापारी जागा घेतली तर तो कर रिव्हर्स चार्जने जीएसटी नोंदणी असलेल्या भाडेकरूने भरायचा असतो. आमच्या ओनरचं वर्षाचं भाडं वीस लाखांच्या आत, त्यामुळे तो नोंदणीत नाही, आणि आम्ही महिन्याला २१,४२० रुपये रोखीने भरून क्रेडिट घेतो, म्हणजे आमच्या बिलांवरच्या जीएसटीतून ते वळते करतो. पैसे परत मिळतात, पण रोख प्रवाहात अडकतात. आमच्या ब्रोकरने पहिल्याच खर्चाच्या तक्त्यात ही ओळ टाकली होती. सीएने नंतर तपासली, बरोबर निघाली.

महारेराबद्दल, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या राज्यातल्या नियामक प्राधिकरणाबद्दल, बरेच जण विचारतात. आमच्या ब्रोकरच्या कार्डावर 'ए ५२१'ने सुरू होणारा महारेराचा नोंदणी नंबर होता, परीक्षाही दिली म्हणाले. चांगलं आहे. पण रेरा कायदा विक्रीच्या व्यवहारांसाठी आहे, भाड्याच्या ऑफिसात ब्रोकरने फसवलं तर महारेरा तुमच्या उपयोगी पडणार नाही. तिथे कामी येतो तो तुमचा करार आणि तुमची ईमेल. सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून झालं तरी रात्री एक ईमेल टाकून ठेवायची.

आता न पटलेल्या गोष्टी.

मेंटेनन्स फुटाला आठ रुपये सांगितला होता, म्हणजे १४,०००. त्यात जनरेटर आला, असं आम्हाला तोंडी सांगितलेलं. पहिल्याच महिन्यात डिझेलचं वेगळं बिल आलं. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते हे त्यांना काय माहीत नव्हतं? फोन केला तर 'सोसायटीने नियम बदलला असेल' म्हणून हात वर केले. डिपॉझिट परतीची अट शब्दन्‌शब्द वाचणारा माणूस हे विचारायला विसरतो, यावर माझा विश्वास बसत नाही.

पार्किंग दोन मिळाली. त्यातलं एक स्टॅक पार्किंगमधलं, खालच्या ताटात उंच गाडी मावत नाही आणि वरचं ताट पावसाळ्यापासून अडकलेलं. व्हिजिटच्या दिवशी त्यावर कोणाची तरी गाडी उभी होती, म्हणून चालवून दाखवलं गेलं नाही. ओनर सोसायटीकडे बोट दाखवतो, सोसायटी मशीनवाल्याकडे. ब्रोकरने दोन पत्रं लिहून दिली, बाकी काही हललेलं नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. त्यांनी ब्रोकरेज दोन्हीकडून घेतलं. आमच्याकडून एक महिन्याचं भाडं अधिक १८ टक्के जीएसटी, ओनरकडूनही एक महिना. पुण्यात ही पद्धतच आहे, मला ठाऊक आहे. पण हे त्यांनी आपणहून सांगितलं नाही, बिल देताना मी विचारलं तेव्हा 'हो, असतंच ना' म्हणाले. मग मला वाटायला लागलं की ६८ च्या खाली भाव गेला असता का? सूची क्रमांक दोनमधला हिशेब तर ६४ येत होता. चार रुपये म्हणजे महिन्याला सात हजार. उत्तर कधी कळणार नाही, आणि म्हणूनच ते खुपतं. बिल देताना २ टक्के टीडीएस कापायला विसरू नका, १ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रोकरेजवर ५ चे २ टक्के झालेत. आमचे २,३८० रुपये कापले तर त्यांनी जुन्या दराचा वाद घातला नाही, एवढं श्रेय देतो.

ब्रोकरेज हातात पडल्यावर फोन उचलतात का? उशिरा, पण उचलतात. जानेवारीत इमारतीच्या अग्निसुरक्षेच्या फॉर्म बीवरून सोसायटी आणि ओनर यांची जुंपली. आगीची यंत्रणा चालू असल्याचं हे प्रमाणपत्र २००६च्या कायद्याप्रमाणे दर जानेवारी-जुलैत द्यावं लागतं. ओनरने खर्च आमच्यावर ढकलायचा प्रयत्न केला. ब्रोकरने करारातलं कलम शोधून दोन ओळींचा मेसेज ओनरला टाकला, मला प्रत दिली, विषय मिटला. ते कलम मसुद्यात त्यांनीच घातलं होतं. आम्ही ते वाचूनही त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

घरची माणसं विचारतात, पुन्हा त्यांच्याकडे जाशील का. जावंच लागतंय. आमच्याच मजल्यावरचं सातशे फुटांचं ऑफिस रिकामं होतंय आणि आम्हाला ते हवंय. या वेळी फोनवरच सांगितलं, ब्रोकरेज दीड महिन्याचं देतो, पण ओनरकडून एक रुपया घ्यायचा नाही आणि तसं लेखी हवं. पलीकडे जरा शांतता होती. मग म्हणाले, 'भागीदाराशी बोलून सांगतो.' अजून सांगितलेलं नाही.