भुसावळचे दुरुस्तीचे दुकान आणि बारा इंची रेकॉर्डचे कपाट

भुसावळ स्थानकातून बाहेर पडून बाजाराच्या दिशेने चालू लागले की दहा-बारा मिनिटांवर, एका जुन्या दुमजली घराच्या तळमजल्याला, रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे एक दुकान लागते. पाटीवर आजही फक्त दुरुस्तीचाच उल्लेख आहे; आत जुन्या रेकॉर्ड, कॅसेट आणि सीडी विकत मिळतात हे बाहेरून अजिबात कळत नाही. दुकान काका एकटेच सांभाळतात आणि नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून ते मी येथे देत नाही. गेल्या चार महिन्यांत जळगावहून सहा वेळा तेथे जाऊन, पाच रेकॉर्ड विकत घेऊन आणि त्याहून कितीतरी अधिक नुसत्या ऐकून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे.

पुढच्या दालनातला माल कोणत्याही जुन्या दुकानात सापडेल असाच आहे. नाट्यसंगीत, भावगीते, हिंदी चित्रपटांच्या कॅसेट, काही गझला. निवड बरी आहे, पण केवळ त्यासाठी गाडीने भुसावळ गाठावे असे त्यात काही नाही. खरे दुकान मागच्या खोलीत आहे. तेथे एका सागवानी कपाटात साठ-सत्तर बारा इंची रेकॉर्ड उभ्या लावलेल्या आहेत आणि त्या जवळजवळ सगळ्या अमेरिकेतील हिपहॉपच्या, म्हणजे ठेक्यावर बोलल्यासारख्या गायल्या जाणाऱ्या रॅप संगीताच्या सिंगल्स (एकेका गाण्यासाठी काढलेल्या रेकॉर्ड) आहेत, साधारण 1979 पासून 1990च्या दशकाच्या अखेरीपर्यंतच्या. काही काकांनी मुंबईच्या चोर बाजारातून वर्षानुवर्षे निवडून आणल्या, तर बाकीच्या परदेशातून कायमचे परतलेल्या एका कुटुंबाने घर आवरताना त्यांच्या हवाली केल्या. खानदेशात असा संग्रह एका जागी पाहायला मिळेल, हे मला कोणी सांगितले असते तर पटले नसते.

येथे कव्हरवरचे चित्र पाहून रेकॉर्ड घ्यायची नसते, मधला कागदी गोल वाचायचा असतो, हे काकांनी पहिल्याच भेटीत शिकवले. त्यांनी एक रेकॉर्ड खिडकीतल्या उजेडात तिरपी धरली. पूर्ण अल्बमच्या रेकॉर्डवर एका बाजूला पाच-सहा गाणी दाटीने बसवलेली असतात आणि चर एकमेकांना चिकटलेले दिसतात. येथे मात्र एका बाजूला एक-दोनच गाणी, त्यामुळे चर रुंद, एकमेकांपासून सुटे आणि ढोल पडतो त्या जागी उघड्या डोळ्यांनाही नागमोडी दिसणारे होते. चरांना जागा मिळाली की आवाज मोठा भरता येतो आणि खालचा ठेका छातीत जाणवेल इतका जड ठेवता येतो, म्हणूनच नाचघरांतले डीजे हा आकार मागत असत. त्या कागदी गोलावर एकाच गाण्याची चार रूपे छापलेली होती: मूळ गाणे, रेडिओसाठीचे रूप, नुसते वाद्यसंगीत आणि नुसता आवाज. "आधी हाई बाजू आयका, ताई," असे म्हणत काकांनी रेडिओचे रूप लावले. (ते मूळचे अमळनेरकडचे, त्यामुळे गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतात आणि रेकॉर्डविषयी बोलताना अहिराणीत शिरतात.) त्यात शिवी येते त्या जागी आवाज क्षणभर गडप होतो, पण ठेका चालूच राहतो. अमेरिकेत सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत रेडिओवर अश्लील मजकूर लावण्यास बंदी असते, त्यामुळे हे धुतलेले रूप तयार केल्याशिवाय गाणे दिवसा वाजण्याची सोयच नव्हती. दोन्ही रूपे लागोपाठ ऐकली की रेडिओसाठी गाण्याने काय सोडले हे समजते, आणि हा अनुभव मोबाइलवर एकच रूप ऐकणाऱ्याला मिळत नाही.

कपाटातील सर्वांत जुनी रेकॉर्ड शुगरहिल गँग या रॅप गटाच्या 'रॅपर्स डिलाइट'ची आहे. ती विकाऊ नाही, पण मागितल्यास ऐकवतात. शिक या बँडचे 'गुड टाइम्स' 1979च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. त्याच्या बास गिटारच्या चालीवर त्याच वर्षी 'रॅपर्स डिलाइट' बेतले गेले आणि पुढे शिकच्या दोन्ही रचनाकारांना श्रेय द्यावे लागले. लांब रूप चौदा मिनिटांहून अधिक आहे. एवढे लांब गाणे कोणते केंद्र लावणार, असे कोणालाही वाटले असते. तरीही ते बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या हॉट 100 यादीत (ही यादी गाण्याची विक्री आणि रेडिओवरचे वाजणे यांवर ठरे) 36व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. सिल्व्हिया रॉबिन्सन यांच्या छोट्या रेकॉर्ड कंपनीने हे करून दाखवले आणि रॅप हा विकता येणारा माल आहे हे मोठ्या कंपन्यांच्या लक्षात आले.

येथून पुढे कपाटातील क्रम हा रॅपच्या अमेरिकी रेडिओशी झालेल्या भांडणाचा क्रम आहे, आणि माझ्या मते या संग्रहाचे खरे मोल त्यातच आहे. 'अर्बन' रेडिओ म्हणजे शहराचा रेडिओ, अशी माझी समजूत होती. वस्तुतः न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएलएस केंद्राचे कार्यक्रम प्रमुख फ्रँकी क्रॉकर यांनी 1970च्या दशकात कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या केंद्रांवरील संगीतासाठी 'अर्बन कंटेम्पररी' ही संज्ञा रूढ केली. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या केंद्रांना जाहिराती देताना अनेक कंपन्या हात आखडता घेत, त्यामुळे श्रोत्यांच्या वर्णाचा उच्चार टाळणारा हा शब्द जाहिराती मिळवण्याच्या कामाला सोयीचा ठरला. मला वाईट वाटते ते पुढच्या भागाचे. जाहिरातदार हातचा जाऊ नये म्हणून याच केंद्रांनी कृष्णवर्णीय तरुणांच्या या नव्या संगीताला बराच काळ दिवसाच्या वेळेपासून दूर ठेवले; कामाच्या तासांत रॅप लावणार नाही, अशी ग्वाही काही केंद्रे श्रोत्यांना अभिमानाने देत. रॅपला मिळाल्या त्या शनिवार-रविवारच्या रात्री. डब्ल्यूबीएलएसवर 1983 पासून मिस्टर मॅजिक आणि प्रतिस्पर्धी किस एफएमवर डीजे रेड अलर्ट या निवेदकांनी त्या रात्रींत गाणी उभी केली. लॉस एंजेलिसच्या केडीएवाय या मध्यम लहरींवरच्या केंद्राने दिवसभर रॅप लावण्याचे धाडस केले, तेही 1991 पर्यंतच टिकले.

अशा परिस्थितीत विक्री कशी झाली, याचा पुरावा कपाटातच आहे. बिलबोर्डने मार्च 1989 मध्ये रॅप सिंगल्सची स्वतंत्र यादी सुरू केली, तेव्हा ती केवळ दुकानांतील विक्रीवर बेतलेली होती. रेडिओवर पुरेसे वाजतच नसेल तर त्याची मोजणी काय करणार? म्हणजे त्या काळात एखादी सिंगल वर गेली असेल, तर कोणीतरी दुकानाच्या काउंटरवर पैसे मोजून ती नेली म्हणून. पुढे 1991 मध्ये दुकानदाराच्या तोंडी सांगण्याऐवजी बारकोडवरून विक्री मोजण्याची साउंडस्कॅन पद्धत याद्यांना लागू झाली. त्याच वर्षी जूनमध्ये रेडिओने जवळपास वाळीत टाकलेल्या एनडब्ल्यूए या रॅप गटाचा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. खप आधीपासूनच होता, फक्त तो मोजणाऱ्यांना दिसत नव्हता.

यातील एक गोष्ट मला काकांच्या तोंडून प्रथम कळली आणि नंतर मी ती पडताळून घेतली. एमसी हॅमर या रॅपरचे 'यू कान्ट टच धिस' 1990 मध्ये सगळीकडे वाजत असूनही हॉट 100 मध्ये आठव्या क्रमांकाच्या वर गेले नाही. कारण कंपनीने ते साध्या स्वस्त सिंगलच्या रूपात बाजारात आणलेच नाही, फक्त बारा इंची रेकॉर्ड काढली; गाणे हवे असलेल्या बहुतेकांना पूर्ण अल्बम घ्यावा लागला आणि अल्बमच्या एक कोटी प्रती अमेरिकेत गेल्या. त्याच वर्षी व्हॅनिला आइस या रॅपरचे 'आइस आइस बेबी' हे हॉट 100 च्या शिखरावर पोहोचणारे पहिले रॅप गाणे ठरले, तेव्हा त्याच्या कंपनीनेही अल्बमचा खप वाढावा म्हणून सिंगलची विक्री थांबवली. यशस्वी गाण्याची सिंगल बाजारातून मुद्दाम नाहीशी करणे हा व्यापार मला ग्राहकाच्या दृष्टीने अन्यायाचा वाटतो. एका गाण्यासाठी खिशात पैसे असलेल्या मुलाला बारा गाण्यांचे पैसे मोजायला लावणे, हा त्याचा सरळ अर्थ होतो. हा प्रकार इतका वाढला की डिसेंबर 1998 मध्ये बिलबोर्डला नियम बदलून, विक्रीला न आलेली गाणीही केवळ रेडिओवर वाजण्याच्या जोरावर यादीत घ्यावी लागली. कपाटात 1990च्या दशकाच्या उत्तरार्धातील रेकॉर्ड कमी का, हे मी विचारले होते. एक कारण हेच असावे. पुढे ऑक्टोबर 2003 मध्ये हॉट 100 च्या पहिल्या दहाही जागा प्रथमच कृष्णवर्णीय कलाकारांकडे आल्या, त्यात रॅपचा वाटा मोठा होता. तेव्हा मात्र रेडिओ त्यांच्या बाजूने होता.

मी घेतलेल्या पाच रेकॉर्डपैकी माझी आवडती आहे ती पांढऱ्या कागदी गोलाची, 'केवळ प्रचारासाठी, विक्रीसाठी नाही' असा इंग्रजी शिक्का असलेली प्रत. कंपन्या अशा प्रती रेडिओ केंद्रांना फुकट पाठवत. तिच्या कोपऱ्यावर कोणीतरी बॉलपेनने एक तारीख लिहिली आहे आणि रेडिओच्या रूपापुढे दोनदा बरोबरची खूण केली आहे. कोण्या अनोळखी निवेदकाने हे गाणे लावायचे ठरवले, त्या निर्णयाची ती खूण आज माझ्या हातात आहे. हिला काकांनी सातशे रुपये लावले. बाकीच्या पाचशे ते बाराशेच्या दरम्यान पडल्या. मुंबईतील भाव पाहता हे रास्त आहे.

रेकॉर्डची निगा हा येथील सर्वांत कौतुकास्पद भाग आहे. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो आणि अशा उन्हात पत्र्याच्या खोलीत आडवी ठेवलेली रेकॉर्ड काही दिवसांत वाकते. कूलर लावावा तर त्याच्या ओलाव्याने कव्हरला बुरशी धरते. काकांनी यावर साधा उपाय काढला आहे. कपाट घराच्या मध्यभागी, जाड मातीच्या भिंतीला लागून ठेवले आहे, रेकॉर्ड काटेकोर उभ्या आहेत आणि कूलर शेजारच्या खोलीत लावून फक्त दाराच्या फटीतून गारवा येऊ दिला आहे. मी पाहिलेल्या साठ-सत्तरांपैकी दोनच वाकलेल्या होत्या आणि त्या त्यांनी स्वतःच बाजूला काढून दाखवल्या.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. कोणत्याही रेकॉर्डवर किंमत लिहिलेली नाही, पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, दुपारी एक ते चार दुकान बंद असते आणि हे बाहेर कोठेही लिहिलेले नाही. पहिल्या खेपेस मी भर उन्हात तीन तास स्थानकावर काढले. तिसऱ्या खेपेस घरी येऊन पाहते तो कव्हर एका गाण्याचे आणि आत रेकॉर्ड दुसऱ्याच गाण्याची. काकांनी ती पुढच्या शनिवारी विनातक्रार बदलून दिली, पण देण्यापूर्वी रेकॉर्ड बाहेर काढून दाखवण्याची पद्धत ठेवली तर गिऱ्हाइकाची फेरी वाचेल. दुकानातील ऐकण्याच्या यंत्राची सुईही आता बदलायला हवी. उंच स्वर खरखरतात आणि खरेदीचा निर्णय त्या आवाजावर घ्यावा लागतो.

मागच्या खोलीच्याच दुसऱ्या भिंतीला अहिराणी गाण्यांच्या जुन्या कॅसेटचे खोके आहेत, आणि सहाव्या भेटीत आमचे सगळे बोलणे त्यावरच झाले. आज अहिराणी गाणे सुटे येते, यूट्यूबवर येते, कोट्यवधी वेळा पाहिले जाते. अल्बम नावाची गोष्ट त्याला लागतच नाही. काकांचे म्हणणे असे की खानदेशात अर्बन रेडिओचे काम लग्नातील डीजेची गाडी करते: हळदीला एक गाणे तीनदा वाजले की दुसऱ्या दिवशी ते पंचक्रोशीत होते. मला हे बरेचसे पटते, पण एक फरक मी त्यांच्यापुढे ठेवला. तिकडच्या केंद्राला जाहिरातदार पैसे देत असे, म्हणून दिवसा काय वाजेल हे जाहिरातदाराच्या मर्जीवर ठरे. येथे डीजेला नवरदेवाचे वडील पैसे देतात, म्हणून नाचता येईल तेच वाजते, आणि ज्या अहिराणी पोरांना शेतमालाच्या भावाविषयी किंवा गाव सोडून सुरतेला जाण्याविषयी रॅप करायचे आहे, त्यांच्यासाठी अजून कोणतीही शनिवारची रात्र राखून ठेवलेली नाही. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी बारा इंची रेकॉर्डच्या कपाटातील खालचा खण रिकामा करायला घेतला आणि अहिराणीचे पहिले खोके तेथे हलवले.

कॅसेटवरून पेन ड्राइव्हवर गाणी उतरवून देण्याची सेवा ते एका कॅसेटमागे दीडशे रुपयांत देतात, आठ दिवस लागतात आणि काम स्वच्छ असते. आईकडे कानबाई या खानदेशी देवीच्या गाण्यांची घरीच भरलेली एक कॅसेट आहे, तिची फीत दोन ठिकाणी तुटलेली आहे. ती मी येत्या शनिवारी, चारनंतर, घेऊन जाणार आहे.