जीआयएस व अवकाशीय विदा विश्लेषणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम : पहिल्या वर्षानंतरचा अनुभव

जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली आणि अवकाशीय विदा म्हणजे जमिनीवरील ठिकाणांशी जोडलेली माहिती. या अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात सॉफ्टवेअरची नावे ठळक अक्षरांत होती आणि संख्याशास्त्राचा उल्लेख शेवटी एका ओळीत उरकलेला होता. वर्षभर शिकल्यानंतर माझे मत असे की या दोन्हींचे वजन नेमके उलट आहे. क्यूजीआयएससारखे नकाशांचे मुक्त सॉफ्टवेअर कोणीही घरी उतरवून घेऊन, चित्रफिती पाहून, बऱ्यापैकी शिकू शकतो. त्यासाठी विद्यापीठाची पायरी चढण्याची गरज नाही.

शुल्क वसूल झाले असे पहिल्यांदा वाटले ते प्रक्षेपणांच्या, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या पद्धतींच्या पाठांत. एकाच भूखंडाचे क्षेत्रफळ आम्हाला आधी अक्षांश-रेखांशांवरून, मग वेब मर्केटर या ऑनलाइन नकाशांच्या प्रक्षेपणात आणि शेवटी पृथ्वीचे उभे पट्टे पाडणाऱ्या यूटीएम प्रक्षेपणाच्या योग्य पट्ट्यात काढायला लावले. पहिल्या वेळी उत्तर ‘चौरस अंशां’त आले, ज्याला जमिनीवर काहीच अर्थ नाही. दुसऱ्या वेळी ते चौरस मीटरमध्ये आले, पण फुगलेले, कारण वेब मर्केटरमध्ये विषुववृत्तापासून दूर जावे तसे आकार फुगतात; 60 अक्षांशावर तर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट दिसते. संगणकाने मात्र तिन्ही वेळा तितक्याच आत्मविश्वासाने आकडा दिला, कसलीही सूचना न दाखवता. पट्टा अरुंद असला की विकृती कमी राहते; त्यामुळे यूटीएममध्ये पृथ्वीचे 6 अंश रुंदीचे 60 पट्टे का पाडले आहेत, हे या सरावानंतर पाठ करावे लागले नाही.

दुसरा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग म्हणजे अवकाशीय संख्याशास्त्र. भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टोबलर यांनी 1970 मध्ये मांडलेला नियम, म्हणजे सगळ्या गोष्टींचा एकमेकींशी संबंध असतो, पण दूरच्यांपेक्षा जवळच्यांचा अधिक असतो, ऐकायला अगदी साधा वाटतो. त्याचे परिणाम मात्र साधे नाहीत. शेजारशेजारच्या नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र नसतील, तर नेहमीच्या प्रतिगमनातील (एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीतील) प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाजातील अनिश्चितता, बहुधा खऱ्यापेक्षा कमी दिसतात आणि नसलेला संबंध ठाम वाटू लागतो. शेजारच्या नोंदी किती सारख्या आहेत हे मोजणाऱ्या मोरान निर्देशांकाने अवशिष्टे, म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष यांतील फरक, तपासण्याची सवय येथे लागली. यंत्रशिक्षणाच्या प्रारूपांची चाचणीही यादृच्छिक नमुन्यांवर न घेता, नकाशाचे सलग तुकडे बाजूला ठेवून घ्यायला लावली. तेव्हा आधी चमकणारी अचूकता चांगलीच खाली आली. त्याच विदेवर फक्त विभागांच्या सीमा बदलून सहसंबंध कसा हलतो, हेही प्रयोगशाळेत करून पाहिले. तेव्हापासून जिल्हावार रंगवलेला कोणताही नकाशा मला निमूटपणे पाहता येत नाही.

सुदूर संवेदनाचा, म्हणजे उपग्रहांच्या प्रतिमा वाचण्याचा विषय ठीक होता. लँडसॅट उपग्रहांचा प्रतिमासंग्रह 2008 पासून विनामूल्य आहे आणि सेंटिनेल-2 उपग्रहांच्या काही वर्णपट्ट्यांत 10 मीटरचा तपशील मिळतो, त्यामुळे सरावाला प्रतिमांची वाण नव्हती.

त्रुटींपैकी मोठी अशी की सरावासाठी दिलेली विदा फार स्वच्छ असते. सीमा एकमेकींना बिनचूक जुळलेल्या, रकाने भरलेले, स्थान-निर्देशक प्रणाली आधीच नोंदवलेली. स्वतः गोळा केलेल्या माहितीत असे काहीच नसते. एका जोडकामासाठी आम्ही दोन स्रोतांतील वस्त्यांच्या याद्या जुळवल्या, तेव्हा बहुतेक वेळ नावांची स्पेलिंगे जुळवण्यात आणि दोनदा आलेली ठिकाणे काढण्यात गेला. अभ्यासक्रमात या कामासाठी ना तास आहेत, ना गुण.

दुसरी तक्रार शेपफाइलची, म्हणजे नकाशाची विदा साठवण्याच्या एका जुन्या स्वरूपाची. रकान्याच्या नावाला 10 अक्षरांची मर्यादा, आकाराला 2 जीबीची, एका नकाशासाठी तीन-चार फायली सांभाळायच्या आणि अक्षरसंकेतनाची नोंद हरवली की देवनागरी नावांच्या जागी भलतीच चिन्हे. जिओपॅकेज हे नवे स्वरूप उपलब्ध असूनही सर्व कामे शेपफाइलमध्येच मागितली जातात. नकाशांची विदा हाताळणारी पोस्टजीआयएस ही विदासंचय प्रणाली तर वर्षाच्या अगदी शेवटी येते. ती पहिल्या सत्रात असती, तर नकाशांच्या अनेक जोडण्या आणि छेद हाताने करण्याचे श्रम वाचले असते.

भूगोलातून आलेल्यांना संख्याशास्त्र जड जाते आणि संगणकाकडून आलेले प्रक्षेपणांना किरकोळ समजतात. दोघांनीही आपापली कच्ची बाजू प्रवेशापूर्वी थोडी भरून घ्यावी, कारण वर्गात त्यासाठी कोणी थांबत नाही. दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात पोस्टजीआयएस वापरण्याची परवानगी मला मिळाली आहे. अंतिम प्रत शेपफाइलमध्ये जोडण्याची अट मात्र तशीच आहे.