सीलपॅक ब्लू-रे म्हणून जुन्या डीव्हीडीची कॉपी, नागपूरच्या बर्डीत १८०० ला फसलो

लिहू की नको करता करता पंधरा दिवस गेले. कोणाला सांगितलं की पहिला प्रश्न हाच येतो, आजच्या जमान्यात डिस्क कोण विकत घेऊन राहिलं बे. घेतात ना. माझ्यासारखे थोडे वेडे आहेत अजून, आणि नकली डिस्क विकणारे बरोबर आम्हालाच हेरतात म्हणून लिहून टाकतोय.

तर मे महिना, नागपूरचं ऊन काय सांगायचं, पारा ४५ च्या वर, पोरं सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत घरात कोंडलेली. माझी मुलगी आठ वर्षांची आणि बहिणीचा मुलगा सुट्टीला यवतमाळहून आलेला, तो पाचवीतला. दोघांची एका मोबाईलवरून मारामारी. मला वाटलं यांना आपल्या लहानपणचा पिक्चर दाखवू, स्पाय किड्सचा तिसरा भाग, २००३ चा, ज्याच्यात छोटा भाऊ बहिणीला सोडवायला व्हिडिओ गेमच्या आत जातो आणि सिल्व्हेस्टर स्टॅलोन टॉयमेकर नावाचा व्हिलन झालाय. थेटरात तो लाल-निळा चष्मा लावून थ्रीडी पाहायचा होता. मी काही थेटरात पाहिला नाही, प्रतापनगरच्या एका सीडी लायब्ररीतून दहा रुपये रोजाने व्हीसीडी आणलेली, दोन डिस्कची, अर्ध्यात उठून दुसरी टाकायची. व्हीसीडी म्हणजे डीव्हीडीच्या आधीची डिस्क, तिचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आजच्या मोबाईलच्या थंबनेलसारखं, आणि चष्मा तर नव्हताच, त्यामुळे सगळ्यांच्या अंगाला लाल-निळ्या कडा. तरी चार वेळा पाहिला होता. तेव्हापासून डोक्यात होतं की हा एकदा नीट चष्म्याने पाहायचा.

व्हॉट्सॲपवर आमचा जुन्या डिस्क-कॅसेटवाल्यांचा एक ग्रुप आहे, तिथे एकाने फोटो टाकला. इम्पोर्टेड ब्लू-रे (डीव्हीडीच्या पुढची, जास्त बारीक चित्राची डिस्क), सीलपॅक, थ्रीडी एडिशन, चार चष्म्यांसकट, हिंदी डब, डॉल्बी ५.१ (म्हणजे पुढून-मागून वेगवेगळ्या स्पीकरचा आवाज), अडीच हजार. मी घासाघीस करून १८०० वर आणलं आणि वरून स्वतःवर खूश. आता विचार करतो तर त्या एका ओळीतच घोळ होता. माल जर अमेरिकेतून आला तर त्याच्यावर हिंदी डब कोणी टाकलं? आणि जर इथेच निघालेली डिस्क असेल तर आपल्याकडे कव्हरवर सेन्सॉर सर्टिफिकेटची प्रत आणि डिस्क काढणाऱ्याचं नाव-पत्ता छापावा लागतो, कॉपीराइट कायद्यातच आहे ते, कलम ५२अ. मोझर बेअर कंपनीच्या तीस-पस्तीस रुपयांच्या स्वस्त डिस्क घरात पडल्यात, त्यांच्यावरसुद्धा आहे. याच्या कव्हरवर दोन्हीपैकी काहीच नाही. पण तेव्हा कोण बघतो, माझ्या डोळ्यासमोर चष्मा नाचून राहिला होता.

सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनखाली भेटायचं ठरलं. ऑफिस सुटल्यावर गेलो. मुलगा तिशीच्या आतला, गोड बोलणारा, पाठीवर सॅक, दर वाक्यात भाऊ. मी म्हटलं सील फोडून बघू का, तर म्हणे "भाऊ, सील फोडली की किंमत अर्धी होते, घेतल्यावर फोडा ना, मी कुठं पळून जाऊन राहिलो." हे वाक्य लक्षात ठेवा. पैसे यूपीआयने दिले, बिल मागितलं नाही, वर त्याला उन्हात उसाचा रसही पाजला. रसाचे पैसे मीच दिले, याचं बायकोला डिस्कपेक्षा जास्त दुःख आहे.

घरी आल्यावर प्लॅस्टिक काढताना पहिली शंका आली. कंपनीची पॅकिंग दोन्ही टोकांना घडी घालून सपाट चिकटवलेली असते, हिच्या कडेला वितळलेली शिवण होती, हेअर ड्रायर नाहीतर हीट गन मारल्यासारखी. कव्हरवरची बारीक अक्षरं भिंगातून पाहिली तर शाई पसरलेली. चष्मे म्हणजे तर कमालच, पुठ्ठ्यावर कैचीने कापलेले, कोपरा तिरपा, आणि काचेच्या जागी शाळेत गॅदरिंगला लाइटवर लावतात तसला जिलेटीन पेपर. तरी मी मनाची समजूत घातली की इम्पोर्टेडमधेही असेच येत असतील.

पिक्चर लावला, कूलर बंद केला कारण त्याच्या घरघरीत काही ऐकू येत नाही, पडदे लावले, पोरं चष्मे लावून बसली. दहा मिनिटांत भाचा म्हणतो, "मामा, दोन दोन दिसून राहिले सगळे." मुलीने चष्मा उलटा करून लावला, मग म्हणे आता पुढचा माणूस मागे गेला. बरोबरच आहे, लाल डाव्या डोळ्यावर पाहिजे, उलटा केला की खोली उलटी होते. पण सरळ लावूनही तेच, प्रत्येकाच्या मागे त्याचं भूत. अर्ध्या तासात दोघांचं डोकं दुखायला लागलं आणि एक उठून पाणी प्यायला गेला तो परत आलाच नाही.

रात्री त्या विकणाऱ्याला मेसेज केला. उत्तर लगेच, आणि इतकं हुशारीचं की मी गप्प बसलो. "भाऊ, ओरिजनल पिक्चरच तसा आहे. जुनी थ्रीडी आहे ना, कलर फिके येतात, सुरुवातीच्या डिजिटल कॅमेऱ्यावर शूट केलाय, गूगल करून घ्या." आता यात खोटं काय आहे? लाल-निळ्या चष्म्यात रंग मरतातच. कॅमेराही डिजिटल होता हे खरं. मला वाचून वाटलं की चूक आपलीच, लहानपणीची आठवण जास्त रंगवून ठेवली होती. माझ्या मते त्याची खरी चलाखी इथे आहे, तो असाच पिक्चर निवडतो ज्याचं चित्र मुळातच थोडं धूसर असतं. एखादा चकाचक नवा पिक्चर खराब दिसला तर कोणीही ओरडेल, इथे मात्र खोट सिनेमाच्या नावावर खपून जाते.

मी सोडूनच दिलं होतं. दोन दिवसांनी सहज, काही कारण नाही, प्लेयरवर रिमोटने वेळ पाहिली. बॉक्सवर ८४ मिनिटं लिहिलंय, पिक्चर खरंच तेवढाच आहे. प्लेयर दाखवून राहिला १ तास २० मिनिटं आणि वर काही सेकंद. एकही सीन कापलेला नाही आणि साडेतीन मिनिटं गायब, कुठे गेली?

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ चित्रांचा असतो. आपल्याकडचा जुना टीव्ही आणि डीव्हीडी पाल सिस्टीमची, सेकंदाला २५ फ्रेम. मग कंपन्या पिक्चर थोडा पळवायच्या, २४ चा २५ करायच्या, चार टक्के फास्ट. ८४ ला २४ ने गुणा, २५ ने भागा, ८० मिनिटं ३८ सेकंद येतात. आवाजही थोडा बारीक होतो, पोरांचे आवाज आधीच बारीक म्हणून मला कळलं नव्हतं. ब्लू-रेवर सिनेमा २४ फ्रेमनेच ठेवता येतो, तिथे पळवायची गरज नसते. म्हणजे या पठ्ठ्याने जुन्या पाल डीव्हीडीचं ७२० बाय ५७६ चं चित्र ओढून १९२० बाय १०८० केलं आणि ब्लू-रेवर बर्न केलं. चादर तीच, पलंग मोठा.

मग खात्रीच करायची म्हणून धरमपेठेतल्या एका मित्राकडे गेलो, त्याच्याकडे लॅपटॉपला लावायचा ब्लू-रे ड्राइव्ह आहे. डिस्क टाकली तर ड्राइव्ह सरळ सांगतो बीडी-आर, म्हणजे घरी बर्न करायची कोरी डिस्क. फॅक्टरीतली छापील डिस्क बीडी-रॉम दाखवते. ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी मावतात, दोन थरांत ५०, आणि याच्यात पिक्चरची फाइल ४.१ जीबी, म्हणजे साध्या ४.७ जीबीच्या डीव्हीडीवरही बसली असती. बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो ते काढलं, सेकंदाला सातच्या आत मेगाबिट. ब्लू-रेला चाळीसपर्यंत परवानगी आहे, बऱ्या डिस्क वीस-पंचवीसच्या पुढे सहज असतात. मित्राने फ्रेम थांबवून मोठी केली तर टॉयमेकरच्या खांद्यावर चौकटी चौकटी, लुडोचा पट मांडल्यासारख्या.

आणि भूत का दिसत होतं तेही तिथेच समजलं. लाल-निळ्या थ्रीडीत डाव्या डोळ्याचं चित्र लाल रंगात आणि उजव्याचं हिरव्या-निळ्यात मिसळलेलं असतं, सगळा खेळ रंग वेगळे राहण्यावर. डीव्हीडी असो की ब्लू-रे, उजेड पूर्ण साठवतात पण रंग उभा-आडवा निम्म्या बारकाईने. ओरिजनल डिस्कलासुद्धा हे जड जातं. त्यात याने कॉपीची कॉपी केली, दाबून लहान केली, मोठी करून ताणली, तर लाल निळ्यात सांडणारच. वरून जिलेटीन पेपर. मुलीने घरी एक मजा शोधली होती, पांढऱ्या कागदावर लाल स्केचपेनने नाव लिहायचं आणि लाल काचेतून पाहायचं, चांगली काच असेल तर अक्षरं गायब होतात. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातल्या चष्म्यातून तिचं नाव गायब, याच्या चष्म्यातून सगळं वाचता येऊन राहिलं. आठ वर्षांच्या पोरीने दोन मिनिटांत टेस्ट केली आणि बाप १८०० देऊन बसला.

हिंदी डबचं तर ऐकाच. डॉल्बी ५.१ म्हणे. मागचे दोन्ही स्पीकर पूर्ण वेळ मुके. मित्राने हेडफोन लावून ऐकलं, साधा स्टीरिओ, म्हणजे डावा-उजवा दोनच, आणि एके ठिकाणी मारामारीच्या मधे आवाज टचकन कापतो, त्याच्या जस्ट आधी एका बाईचा आवाज, "...ब्रेक के बा". पुढचा "द" पण नाही. कोणत्यातरी चॅनेलवरून रेकॉर्ड करून जाहिराती कापल्या होत्या. आम्ही तो तुकडा सहा वेळा लावला, हसून हसून बेजार, मग मला आठवलं की पैसे माझे गेलेत.

विकणाऱ्याला फोन केला. आधी "काय बोलून राहिले दादा, माझी चार वर्षांची रेप्युटेशन आहे", मग "मलाही वरूनच माल येतो", मग मी बीडी-आरचा स्क्रीनशॉट पाठवला तर म्हणे सील तुम्ही फोडली, आता रिटर्न नाही. मेट्रोखालचं ते गोड वाक्य आठवलं का? सील तोच फोडू देत नाही आणि फोडली की तोच हात वर करतो. ग्रुपवर टाकलं तर दोघं जण बोलले की आमच्याकडेही याच्याच आहेत, मग त्यांनी चेक केल्या, एकाच्या तिन्ही बर्न केलेल्या निघाल्या, सगळे पोरांचेच पिक्चर. ॲडमिनने त्याला काढलं. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, बाई नीट बोलल्या, तक्रार घेतली, पण पहिलाच प्रश्न, बिल आहे का. यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि चॅट दिलंय, बघू. मित्रांनो बिल मागा, नाही देत म्हटला तर रस पिऊन घरी या, पण स्वतःचाच.

आणि घेण्याआधी सील फोडूनच बघा, किंमत अर्धी झाली तरी चालेल. डिस्कच्या भोकाभोवती जी काचेसारखी रिंग असते तिथे उजेडात तिरपं धरून वाचा, छापील डिस्कवर पिक्चरचा स्वतःचा नंबर आणि बारकोडसारख्या रेघा असतात, माझ्या डिस्कवर फक्त कोऱ्या डिस्कचा लॉट नंबर होता. खालची बाजूही पाहा, बर्न केलेली बहुतेक काळपट-करडी दिसते, आणि डीव्हीडी असेल तर जांभळी झाक. सोबत प्लेयर असलेला माणूस असेल तर नुसती वेळ पाहा, चित्र नंतर. चित्राबद्दल तो तुम्हाला पटवून देईल, मला दिलंच ना.

परवा दुसऱ्या एका ग्रुपवर तेच फोटो आले, नवीन नाव, नवीन नंबर, किंमत आता २२००, आणि खाली "फक्त २ पीस". फोटोत कव्हरच्या कोपऱ्यावर जी शाई पसरलीय ती मी भिंगातून पाहिलेली, बरोबर ओळखली. मी अनोळखी बनून विचारलं, भाऊ आतल्या रिंगचा एक फोटो टाका ना. दोन निळ्या टिक आल्या. पाच मिनिटांनी त्याचा डीपी दिसायचा बंद झाला.