स्टॅटिक की शेअर्ड? बार फाइल बांधण्याआधी

"आज रात्री बार चढवायचा आहे," असं पणजी-बेती फेरीबोटीत फोनवर बोललं की शेजारचे दोघं तरी वळून बघतात. आमचा बार म्हणजे आयबीएमच्या इंटिग्रेशन सर्व्हरवर, म्हणजे वेगवेगळ्या सिस्टिम्समध्ये मेसेज पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, जाणारं गाठोडं. फाइल उघडली तर साधी झिप. आत अ‍ॅप्लिकेशनं, लायब्रऱ्या आणि सेटिंग्जची ब्रोकर डॉट एक्सएमएल. ती बांधायच्या आधीच एक निर्णय घ्यावा लागतो: चार अ‍ॅप्लिकेशनांना लागणारा कोड स्टॅटिक लायब्ररीत टाकायचा की शेअर्ड?

स्टॅटिकमध्ये प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनच्या पोटात लायब्ररीची वेगळी प्रत जाते. शेअर्ड, म्हणजे आयआयबी १० (आयबीएम इंटिग्रेशन बस, आवृत्ती १०) पासून आलेली सोय, सर्व्हरवर एकदाच बसते आणि सगळे तीच वापरतात. आपल्याकडे चवथीला मूळ घरी एकच गणपती आणि सगळी भावंडं तिथं जमतात, तसं. माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) एकदाच बांधायची, हे खरंच सोयीचं. पण त्या घरात काही बिनसलं तर सगळ्यांचीच चवथ बिघडते.

माझी बिघडली होती. एका क्लायंटची पाच अ‍ॅप्लिकेशनं एकाच शेअर्ड लायब्ररीवर चालत होती. बिलांना तारीख दिवस-महिना क्रमाने हवी होती, म्हणून मी ईएसक्यूएलचं (मेसेज बदलायची या सर्व्हरची भाषा) एक फंक्शन बदललं आणि नुसती लायब्ररी डिप्लॉय केली, म्हणजे सर्व्हरवर चढवली. बिलं झकास गेली. बाकीच्या चारांना मी हात लावला नव्हता, तरी नवं फंक्शन त्यांनीही लगेच उचललं. गोदामाकडे जाणाऱ्या मेसेजमध्ये ३ ऑगस्टचा ८ मार्च झाला. आणि एरर? १३ तारीख उजाडेपर्यंत एकही नाही, कारण तोवर दिवसाचा आकडा महिना म्हणून खपत होता. स्टॅटिक असती तर फक्त बिलांचं अ‍ॅप्लिकेशन बदललं असतं.

स्टॅटिकचा त्रास उलटा: एक चूक दुरुस्त करायची तर पाचही अ‍ॅप्लिकेशनं पुन्हा बांधा, पुन्हा चढवा. एखादं राहिलं की जुनी चूक तिथं सुखाने नांदते. शेअर्डमध्ये क्रमही सांभाळावा लागतो. लायब्ररी सर्व्हरवर किंवा त्याच बारमध्ये नसेल तर अ‍ॅप्लिकेशनचं डिप्लॉय फसतं.

माझा कौल असा: क्वचित बदलणारे स्कीमा (मेसेजच्या रचनेचे आराखडे) शेअर्डमध्ये, हिशेबाचं लॉजिक स्टॅटिकमध्ये. कंटेनरमध्ये एका सर्व्हरवर एकच अ‍ॅप्लिकेशन ठेवत असाल तर डोकं खाजवू नका, स्टॅटिक घ्या. तिथं वाटून घ्यायला दुसरं कोणी नसतंच.

बांधणीबद्दल थोडक्यात. एमक्यूएसआयक्रिएटबार ही कमांड जावा संकलित (कंपाइल) करते, पण तिला मशीनवर टूलकिट, म्हणजे आयबीएमचं कोड लिहायचं सॉफ्टवेअर, लागतं आणि ती रेंगाळते. एमक्यूएसआयपॅकेजबार चपळ आहे, मात्र संकलित माल आधीच तयार हवा. अ‍ॅप कनेक्ट १२ वर (आयआयबीचंच पुढचं रूप) असाल तर आयबीएमइंट पॅकेज ही कमांड वापरा, दोन्हींचं काम भागतं. चाचणी आणि प्रॉडक्शनसाठी वेगवेगळे बार मात्र बांधू नका. बार एकच, क्यूंची (मेसेजच्या रांगांची) नावं आणि पत्ते ओव्हरराइड फाइलमधून, म्हणजे बारमधली सेटिंग्ज बदलणाऱ्या वेगळ्या फाइलमधून.

जुना बार पुसू नका. मागे यायचं तर तोच पुन्हा चढवायचा असतो. शेअर्डमध्ये मागे येतानाही पाचही जण एकदम येतात, ज्यांचं बरं चाललं होतं तेसुद्धा.