इमॅजिकाच्या सहलीला फोटो कशाने काढायचे: मोबाइल, कॅमेरा की ॲक्शन कॅमेरा?

पुण्याहून घाट उतरून खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं ठरलं, की मेगापिक्सेलच्या आधी एक गोष्ट बघा: मोठ्या राइडच्या वेळी खाली कोण थांबणार? नायट्रोसारख्या रोलर कोस्टरवर हातात काही घेऊन बसता येत नाही. शिवाय उंचीची अट असते, त्यामुळे धाकटं पोर आणि त्याला सांभाळायला कुणीतरी खालीच राहतं. त्या व्यक्तीला फोटोची हौस असेल, तरच मोठा कॅमेरा न्या.

कॅमेऱ्याचं चीज होतं ते तिथेच. 18-135 मिमीची झूम लेन्स, शटर 1/1000 (म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग), बर्स्ट म्हणजे सलग फोटो काढणारा मोड चालू. आधीची गाडी कुठे वळते ते पाहून त्या जागेवर फोकस लावून ठेवा. आपली माणसं त्या वळणावर आली की सलग दाबत राहा. शटर 1/250 वर राहिलं तर चेहरे पुसट येतात. सगळेच राइडवर बसणार असतील, तर किलोभर वजन दिवसभर लॉकरमध्येच राहील. आणि थंडगार एसी दालनातून दमट हवेत आलात की लेन्सवर बाष्प धरतं. बाहेर पडण्याआधीच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेरच्या हवेत तापू द्या.

बहुतेक कुटुंबांना मोबाइल पुरतो, पण त्याचे फोटो बिघडतात ते फार साध्या कारणाने. सनस्क्रीनच्या बोटांनी लेन्स तेलकट होते आणि सगळ्या फोटोवर धुरकट पडदा येतो. दर तासाला सुती रुमालाने पुसा. 0.5x वर, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सवर, कडेचे चेहरे ताणले जातात, म्हणून मुलांना मधे उभं करा. नुसत्या चेहऱ्यासाठी 2x वापरा. भर दुपारी टोपीखाली चेहरा काळा पडतो. सावलीत उभं करा, नाहीतर फ्लॅश लावा. पण तो दीड-दोन मीटरपर्यंतच पोचतो.

वॉटर पार्कमध्ये मात्र ॲक्शन कॅमेरा सरस. गोप्रो हिरोची अलीकडची मॉडेल्स वेगळ्या केसशिवाय 10 मीटर खोल पाण्यात चालतात. हातातून सुटला तर बुडतो, म्हणून तरंगणारी मूठ लावाच. चेहरा नीट हवा तर हातभर अंतरावरूनच घ्या, लांबून माणसं मुंगीएवढी दिसतात. अंधाऱ्या राइडमध्ये त्याचं चित्र दाणेदार येतं. पुण्यात तो भाड्याने मिळतो, एका दिवसासाठी विकत घेण्यात अर्थ नाही.

तेवढाही खर्च नको असेल, तर मोबाइलला वॉटरप्रूफ पाउच. आदल्या रात्री पाउचमध्ये टिश्यू घालून तो अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा. टिश्यू कोरडा निघाला तरच मोबाइल घाला. पाण्याखाली टचस्क्रीन नीट चालत नाही, फोटो आवाजाच्या बटणाने काढावा लागतो. पाउच गाडीच्या एसीतच बंद करा, म्हणजे आत वाफ धरत नाही. मोबाइल आयपी68 (धूळ-पाणी आत न जाण्याचा चाचणी केलेला दर्जा) असला तरी पाउच हवाच: ती चाचणी साध्या पाण्यातली असते, क्लोरीनच्या नाही, आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत.