विजापूर रस्त्यावरचा नवव्या मजल्यावरील फ्लॅट: भाड्याच्या उत्पन्नाचा चार वर्षांचा अनुभव

निवृत्तीनंतर दरमहा भाड्याचा आधार असावा, म्हणून चार वर्षांपूर्वी मी सोलापुरात विजापूर रस्त्यालगतच्या एका अकरा मजली इमारतीत नवव्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट ५२ लाखांना घेतला. वारा भरपूर आहे आणि बांधकामही एकंदर नेटके आहे. मात्र हॉल पश्चिमेला असल्याने एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीननंतर भिंतीला हात लावला तरी चटका जाणवतो.

भाडे महिन्याला १४ हजार येते. त्यातून मेंटेनन्सचे २,८०० मीच भरतो, आणि मालमत्ता कर, किरकोळ दुरुस्ती व वर्षाकाठी साधारण एक रिकामा महिना धरला, तर हातात वर्षाला जेमतेम एक लाख उरतात, म्हणजे गुंतवलेल्या रकमेच्या दोन टक्क्यांहूनही कमी. प्राप्तिकरात मालमत्ता कर वजा जाता भाड्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट (म्हणजे तेवढ्या रकमेवर कर नाही) मिळते, हा दिलासा खरा. पण एवढ्यावर गृहकर्जाचा हप्ता निघेल, अशी आशा कोणीही धरू नये.

सोलापुरात भाडेकरूचा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. माझ्याकडे आलेल्या, बदलीवर असलेल्या बँक अधिकाऱ्यांनी चप्पल काढता काढताच विचारले, "पाणी कितव्या दिवशी येतं, आणि टाकी किती मोठी आहे?" महापालिकेचे पाणी काही दिवसांआड येणार हे गृहीत धरून इमारतीत जमिनीखालची मोठी टाकी आणि बोअर दोन्ही आहेत, म्हणूनच त्यांनी होकार दिला. तरीही उन्हाळ्यात टँकरचा खर्च सर्वांत वाटला जातो, आणि वीज गेल्यावर लिफ्टला जनरेटर जोडलेला नसेल तर नववा मजला वयस्कर माणसाला परवडत नाही. टोकन (बुकिंगची सुरुवातीची रक्कम) देण्यापूर्वी पाण्याची सोय आणि लिफ्टचा जनरेटर या दोन गोष्टी स्वतः उभे राहून पाहाव्यात. नमुना फ्लॅटमध्ये त्या दिसत नाहीत.

दुसऱ्या पावसाळ्यात बाथरूमलगतच्या भिंतीत ओल आली. बिल्डरने दोन महिने दाद दिली नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांतील बांधकामदोष विनामूल्य दुरुस्त करण्याची रेरा (घरखरेदीदारांना संरक्षण देणाऱ्या) कायद्यातील तरतूद लेखी कळवल्यावर मात्र पंधरवड्यात काम झाले. भाडेकराराची नोंदणी करण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर असल्यामुळे तीही मी प्रत्येक वेळी करून घेतली.

दहा-बारा वर्षे पैसे अडकवून ठेवण्याची तयारी असेल आणि कर्ज नसेल, तरच असा फ्लॅट घ्यावा. तोही शक्यतो पूर्वाभिमुख आणि पाचव्या मजल्याच्या खाली.